मावंदं

सोळा दिवस सगळं कुटुंब घेऊन काशी, प्रयाग, रामेश्वर फिरलो आणि जालन्याला परतलो. बॅगा उघडायच्या आधीच आजीचा प्रश्न, "मावंदं कधी घालायचं?" बायकोनं (ती पुण्याची) हा शब्द कधी ऐकलाच नव्हता. काशीहून परत आल्यावर गंगापूजन करून गावाला जेवण घालतात, ते मावंदं. गंमत बघा, मोठं जेवण निघताना नाही, परतल्यावर! जालन्यात रेल्वे आली 1900च्या सुमारास, निजामाच्या राज्यात. त्याआधी वाट पायी नाहीतर बैलगाडीची. वाटेत पटकी, चोर, पूर आलेल्या नद्या. काशीला गेलेला माणूस परत येईलच असं कोणी धरून चालत नसे.

आणि मागे राहिलेल्यांना बातमी नाही. प्रवासाचा इतिहास चालणाऱ्यांचा लिहिला जातो, वाट बघणाऱ्यांचा फारसा कोणी लिहीत नाही. आमच्या जिल्ह्यात मात्र अशी एक गोष्ट अजून सांगतात.

घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं गाव. जन्म 1608, नाव नारायण ठोसर. बाराव्या वर्षी लग्नाच्या बोहल्यावरून पळाले, नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षं राहिले आणि मग बारा वर्षं देशभर पायी फिरले, असं परंपरा सांगते. म्हणजे घर सोडून चोवीस वर्षं! वडील आधीच वारलेले. आई राणूबाईंची दृष्टी रडून रडून गेली म्हणतात. एक दिवस दारात कोणी गोसावी ओरडला. आईनं सुनेला भिक्षा घालायला सांगितली, तर तो म्हणाला, हा भिक्षा घेऊन जाणारा नाही. आवाजावरून आईनं ओळखलं, नारोबा आला! त्यांनी डोळ्यांवरून हात फिरवला आणि आईला दिसू लागलं, अशी कथा आहे. आईनं विचारलं, हे कुठलं भूत वश केलंस? त्यावर त्यांनी रामालाच ते भूत म्हणणारं पद रचलं म्हणतात.

हे तपशील शब्दशः धरू नयेत हे खरं. हनुमंतस्वामींची बखर समर्थांनंतर शंभराहून जास्त वर्षांनी लिहिलेली आहे. पण चमत्कार बाजूला ठेवला तरी चेहऱ्याऐवजी आवाजावरून मुलगा ओळखणारी आई उरतेच. बारा वर्षांच्या पोराचा आवाज तर फुटलेलाही नसेल. मग तिनं काय ओळखलं असेल?

मला स्वतःला या गोष्टीत थोरला भाऊ गंगाधर जास्त आवडतो. संप्रदायात त्यांना श्रेष्ठ म्हणतात. 'भक्तिरहस्य' आणि 'सुलभोपाय' हे ग्रंथ त्यांचे. चोवीस वर्षं घर, शेत, आई त्यांनीच सांभाळली. समर्थ घरी आले खरे, पण राहिले नाहीत. 1644च्या सुमारास कृष्णाकाठी गेले. श्रेष्ठ पुन्हा आईजवळच.

असो. दुसरं टोक बघायचं तर पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. घरचं कर्ज फेडायला दक्षिणा मिळवावी म्हणून 1857 साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि थेट बंडात सापडले. झाशीच्या वेढ्यात अडकले, वाटेत पुन्हा पुन्हा लुटले गेले. 'माझा प्रवास' हे त्यांचं पुस्तक 1907 साली छापलं गेलं. झाशीच्या राणीसाठी ते सगळे वाचतात, मी परतीच्या पानांसाठी वाचतो. कमावलेलं बहुतेक गेलं होतं. दोन वर्षांहून जास्त काळानं घरी पोचले ते गंगेची कावड खांद्यावर घेऊन. आई-वडिलांना काशीला नेणं जमणार नव्हतं, म्हणून त्या पाण्यानं त्यांना वरसईतच आंघोळ घातली.