रेट्रो कॉफी मेकर आणि १९५७ चा चौकोन

क्रीम किंवा पिस्ता रंगाचा पत्रा, गोलाकार कडा, समोर घड्याळासारखा काटा, क्रोमची चकचकीत पट्टी. ऑनलाइन दुकानांत 'रेट्रो' म्हणून जे ड्रिप कॉफी मेकर मिळतात त्यांचं रूप साधारण असं असतं. बघितल्यावर वाटतं, १९५० च्या दशकातल्या अमेरिकन स्वयंपाकघरात हेच यंत्र गुरगुरत असणार. गंमत अशी की तेव्हा तिथे हे जवळजवळ नव्हतंच. तिथे पर्कोलेटर होता. म्हणजे एक उभं भांडं, ज्यात उकळलेली कॉफी नळीतून वर चढते आणि पुन्हा त्याच पावडरवर पडते, असं फेरीमागून फेरी. कॉफी कडू व्हायची सगळी सोय त्यातच होती.

त्यामुळे अशा यंत्राचं घरासाठी मूल्यमापन करायला बसलं की दिसण्याचा मुद्दा पाच मिनिटांत संपतो. उरतो तो खरा प्रश्न: 'चांगला कॉफी मेकर' हे कशावरून ठरवायचं? परीक्षणं वाचली तर तेच ते आकडे भेटतात. पाणी ९२ ते ९६ अंश सेल्सिअस, पाणी आणि पावडरचा संपर्क ४ ते ८ मिनिटं, एक्स्ट्रॅक्शन १८ ते २२ टक्के. आकडे इतक्या ठामपणे दिलेले असतात की ते प्रकाशाच्या वेगासारखे वाटू लागतात. रिसर्चला येऊ घातलेल्या लोकांनी अशा ठिकाणी थोडं थांबावं. हे आकडे कोणी काढले, कधी, कोणाच्या पैशाने?

आधी यंत्राचा इतिहास थोडक्यात. कागदी फिल्टर १९०८ चा, ड्रेस्डेनचा. मेलिटा बेंट्झ या गृहिणीने पितळी भांड्याच्या तळाला भोकं पाडली, त्यावर मुलाच्या वहीतला टीपकागद ठेवला आणि वरून गरम पाणी ओतलं. कॉफी गाळाविना खाली आली. त्याच वर्षी बर्लिनच्या पेटंट कार्यालयात नोंदणी झाली आणि कंपनीही निघाली. पाणी ओतायचा हात मात्र माणसाचाच राहिला. तो हात काढून टाकला १९५४ मध्ये जर्मनीत गॉटलोब विडमान यांच्या विगोमॅटने, म्हणजे विजेवर चालणाऱ्या पहिल्या ड्रिप यंत्राने. १९६० च्या दशकाच्या अखेरीस नेदरलँड्समधून मोकामास्टर आला. तो आज 'रेट्रो' दिसतो कारण त्याचं डिझाइन तेव्हापासून फारसं बदललेलंच नाही. १९७२ मध्ये अमेरिकेत मिस्टर कॉफी आलं आणि बेसबॉलपटू जो डिमॅजिओ जाहिरातीत ते विकू लागला. पर्कोलेटरचे दिवस भरले.

आता आकड्यांचा इतिहास, आणि तो जास्त मजेशीर आहे. १९२० च्या सुमारास अमेरिकेतल्या कॉफी भाजणाऱ्या व्यापाऱ्यांच्या संघटनेने एमआयटीतल्या सॅम्युएल प्रेस्कॉट यांना संशोधनासाठी पैसे दिले. तीन वर्षांच्या कामानंतर त्यांचा सल्ला साधारण असा होता: पाणी ८५ ते ९० अंश, कॉफी कधी उकळू नये, भांडं काचेचं किंवा चिनी मातीचं घ्यावं. लक्षात घ्या, आजच्या ९२ ते ९६ च्या पट्ट्यात हे बसत नाही.

मग दुसरं महायुद्ध. १९४२ च्या नोव्हेंबरपासून १९४३ च्या जुलैपर्यंत अमेरिकेत कॉफीचं रेशनिंग होतं. लोक तेवढ्याच पावडरीत जास्त कप काढायला शिकले आणि रेशनिंग उठल्यावरही ती सवय गेली नाही. पुढे भाव चढले तेव्हा तर नाहीच. पातळ कॉफी म्हणजे कमी विक्री. १९५२ मध्ये उत्पादक देशांच्या आणि व्यापाऱ्यांच्या पैशावर न्यूयॉर्कमध्ये कॉफी ब्रूइंग इन्स्टिट्यूट उभी राहिली. तिथलं वैज्ञानिक काम पाहायला आले एमआयटीचेच अर्नेस्ट लॉकहार्ट. (हा गृहस्थ त्याआधी अमेरिकन मोहिमेबरोबर शरीरक्रियातज्ज्ञ म्हणून अंटार्क्टिकावर राहून आला होता. अशा सीव्हीपुढे आपण काय बोलणार!)

लॉकहार्ट यांनी १९५७ मध्ये जे मांडलं ते मला खरोखर सुंदर वाटतं. आडव्या अक्षावर एक्स्ट्रॅक्शन, म्हणजे पावडरीतला किती टक्के भाग पाण्यात उतरला. उभ्या अक्षावर कॉफीची तीव्रता, म्हणजे कपात किती टक्के विरघळलेले घन पदार्थ आहेत. तिरप्या रेषांवर पावडर आणि पाण्याचं प्रमाण. तिन्हींपैकी दोन कळले की तिसरं आपोआप मिळतं. उदाहरण घ्या: ६० ग्रॅम पावडर, १ लिटर पाणी. चोथा स्वतःच्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवतो, म्हणून खाली ८८० ग्रॅमच्या आसपास कॉफी येते. तिची तीव्रता १.३ टक्के निघाली तर विरघळलेला माल ११.४ ग्रॅम, आणि एक्स्ट्रॅक्शन १९ टक्के. हा नुसता वस्तुमानाचा हिशेब आहे. ड्रेस्डेनमध्ये करा नाहीतर दापोलीत, बदलणार नाही.

पण त्याच आलेखाच्या मधोमध एक चौकोन आहे: एक्स्ट्रॅक्शन १८ ते २२, तीव्रता १.१५ ते १.३५. त्याच्या आत आलात तर कॉफी 'आदर्श'. हा चौकोन वस्तुमानातून आलेला नाही. १९५० च्या दशकातल्या अमेरिकन लोकांना कॉफी चाखायला देऊन, त्यांना काय आवडलं त्यावरून तो काढला. तेव्हाचं भाजणं, तेव्हाच्या जिभा आणि पातळ कॉफीविरुद्ध चाललेली मोहीम, हे सगळं त्या चार रेषांत आहे. पुढे नॉर्वेत हाच आलेख वापरताना चौकोन जास्त तीव्रतेकडे सरकवावा लागला, कारण तिथे लोक कॉफी कडक पितात. अक्ष जागचे हलले नाहीत, फक्त चौकोन हलला. लिटरेचर रिव्ह्यू करताना ही फारकत आपल्या डोळ्यांदेखत निसटते. एका पेपरातला 'आवडलं' हा शब्द दुसऱ्यात 'इष्टतम' होतो, तिसऱ्यात 'मानक', आणि चौथा त्याचा आकडा घेऊन यंत्राला पास-नापास करतो.

व्यापाऱ्यांचा पैसा होता म्हणून काम खोटं ठरतं का? माझ्या मते नाही. मोजमाप चोख होतं आणि आजही टिकून आहे. मात्र कोणता प्रश्न विचारला गेला हे त्या पैशाने ठरवलं, आणि तेवढं नोंदवून ठेवायला हवं.

चौकोनाची नीट तपासणी व्हायला बराच काळ गेला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या गटाने २०२० मध्ये पाण्याचं तापमान ८७, ९० आणि ९३ अंश ठेवून ड्रिप कॉफी केली, पण तीव्रता आणि एक्स्ट्रॅक्शन मुद्दाम सारखंच राखलं. चवीत तापमानाचा परिणाम फारच थोडा दिसला. म्हणजे तापमान महत्त्वाचं आहे ते बहुतांशी एक्स्ट्रॅक्शन बदलतं म्हणून. दळण थोडं बारीक करून तेच साधता येत असेल तर दोन अंशांवरून भांडायचं कारण नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी शंभराहून अधिक ग्राहकांना काळी कॉफी देऊन पाहिली, तर आवडीनिवडी आलेखभर पसरलेल्या निघाल्या आणि दोन वेगवेगळे गट पडले. एकाला भावलेली कॉफी दुसऱ्याला भावेना. अशा ठिकाणी सरासरी काढली तर ती कोणाचीच आवड दाखवत नाही.

मग समोरचं क्रीम रंगाचं यंत्र कसं जोखायचं? आधी उलटं करून तळाशी वॅट वाचा. या यंत्रांत बहुधा पंप नसतो. खालच्या तापणाऱ्या नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि तेच पाणी वर ढकलतात. एकेरी झडप असल्यामुळे पाणी टाकीत मागे जात नाही. म्हणजे पाणी किती वेगाने पडणार हे तापवण्याच्या ताकदीवर ठरतं. सव्वा लिटर पाणी २५ वरून ९५ अंशांवर न्यायला साधारण ३६६ किलोज्यूल लागतात. १४०० वॅटला ते चार मिनिटं वीस सेकंदांचं काम आहे, ९०० वॅटला पावणेसात मिनिटांचं आणि ६०० वॅटला दहा मिनिटांचं, तेही उष्णता कुठे वाया जात नाही असं धरून. तुम्ही अर्धंच भांडं करत असाल तर वेळही अर्धा. चांगलं १४०० वॅटचं यंत्रसुद्धा दोन माणसांपुरती कॉफी घाईत उरकतं, आणि तिथे ९०० वॅटचं बरं ठरू शकतं. म्हणून चाचणी नेहमी आपण रोज करतो त्या मात्रेवर घ्यावी.

पुढचा काटा तापमान दाखवत असेल तर ते कुठलं हे विचारा. नळीतलं पाणी उकळीला आलेलं असतं, पण सुरुवातीला गार फिल्टर आणि गार पावडर त्यातली बरीच उष्णता शोषून घेतात. आपल्याला हवं असतं ओल्या पावडरीच्या आतलं तापमान, आणि स्वयंपाकघरातला साधा प्रोब थर्मामीटर ते दाखवतो. काचेचं भांडं असेल तर खालच्या तव्याकडेही बघा. त्यावर ठेवलेली कॉफी हळूहळू जास्त आंबट होत जाते, कारण तिच्यातली काही संयुगं उष्णतेने फुटून आम्लं तयार होतात. कॉफी थर्मासमध्ये ओतून तवा बंद केला की हा प्रश्न मिटतो.

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे. दुकानात 'फिल्टर कॉफी' म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ पावडरींत चिकोरी असते, आणि चिकोरी कॉफीपेक्षा कितीतरी जास्त विरघळते. भाजलेल्या कॉफीतला जेमतेम तीस टक्के भाग पाण्यात उतरू शकतो, बाकीचं चोथा. चिकोरी मिसळली की ही मर्यादाच बदलते, त्यामुळे १८ ते २२ च्या चौकोनाला अर्थ राहत नाही. शिवाय ती कॉफी दुधात जाणार असते. दाक्षिणात्य स्टीलचा फिल्टरही गुरुत्वाकर्षणावर थेंबथेंब गळणारं ड्रिप यंत्रच आहे, पण त्याच्या दाट डिकॉक्शनसाठी लॉकहार्टच्या आलेखावर जागाच ठेवलेली नाही. अशी पावडर रोज वापरणाऱ्याने महागडं रेट्रो यंत्र घेण्याआधी एकदा बिनचिकोरीची कॉफी आणून, साध्या चाळणीत कागदी फिल्टर ठेवून, हाताने पाणी ओतून पाहावं. ती काळी कॉफी घशाखाली उतरली, तरच वॅट वाचायला बसण्यात अर्थ आहे.