निरुपद्रवी प्रमाद तत्त्व : देहदंडाची अपिले व सदोष ज्यूरी-निर्देश

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील फौजदारी कायद्याचे एक तत्त्व. खटल्यात कायद्याची चूक घडली असली, तरी तिचा निकालावर परिणाम झाला नसेल, तर अपील न्यायालयाने दोषसिद्धी वा शिक्षा रद्द करू नये, असे हे तत्त्व सांगते. ज्यूरीपुढील खटल्यात वस्तुस्थितीचा निर्णय ज्यूरी करते आणि तिला लागू होणारा कायदा न्यायाधीश समजावून देतो. या समजावणीला ज्यूरी-निर्देश म्हणतात. देहदंडाच्या खटल्यात दोष ठरल्यानंतर शिक्षेची स्वतंत्र सुनावणी होते आणि तीत गुन्ह्याचे गांभीर्य वाढविणाऱ्या व शिक्षा सौम्य करू शकणाऱ्या अशा दोन्ही बाबींचा विचार होत असल्याने, सदोष निर्देशाचा प्रश्न दोन्ही टप्प्यांवर उद्भवू शकतो.

घटनात्मक चुकीबाबतचा मूळ निकष ‘चॅपमन विरुद्ध कॅलिफोर्निया’ (१९६७) या निर्णयाने घातला. आरोपींच्या मौनावरून त्यांच्याविरुद्ध अनुमान काढण्याची मुभा तेथे निर्देशानेच ज्यूरीला दिली होती. अशा चुकीचा निकालाला हातभार लागला नाही, हे वाजवी संशयापलीकडे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षावर असते, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले व दोषसिद्धी रद्द केली.

काही चुकांना मात्र हा निकष लागूच होत नाही. ‘सलिव्हन विरुद्ध लुइझियाना’ (१९९३) या देहदंडाच्या प्रकरणात ‘वाजवी संशय’ या संज्ञेचाच अर्थ चुकीचा सांगितला गेला होता. त्यामुळे घटनेला अभिप्रेत असलेला ज्यूरीचा निर्णय मुळात झालाच नाही, मग त्यावरील परिणाम मोजण्याचा प्रश्नच उरत नाही, असे न्यायालय म्हणाले. अशा चुकीस संरचनात्मक प्रमाद म्हणतात. याउलट गुन्ह्याचा एखादा घटक निर्देशातून गळणे ही परिणाम तपासता येण्याजोगी चूक ठरली (‘नीडर’, १९९९).

शिक्षेच्या टप्प्याबाबत ‘क्लेमन्स विरुद्ध मिसिसिपी’ (१९९०) हा निर्णय महत्त्वाचा आहे. गुन्हा ‘विशेष घृणास्पद, निर्घृण वा क्रूर’ होता काय, हे ठरविण्यास सांगणारा निर्देश संदिग्ध असला, तरी राज्याच्या अपील न्यायालयाने दोन्ही बाजूंच्या बाबी स्वतः पुन्हा तोलून पाहाव्यात किंवा चूक निरुपद्रवी होती काय हे तपासावे, यास घटनेची आडकाठी नाही, असे बहुमताने ठरले. देहदंड योग्य आहे काय, हा नैतिक निर्णय साक्षीदार व आरोपी यांना प्रत्यक्ष न पाहिलेल्या अपील न्यायालयाला नीट करता येत नाही, असा आक्षेप न्यायमूर्ती ब्लॅकमन यांच्या भिन्नमतात आहे. देहदंड असलेल्या बहुतेक राज्यांत त्यासाठी ज्यूरीचे एकमत लागते. तेव्हा निर्देश बिनचूक असता तर एकाही सदस्याचे मत बदलले नसते, असे कागदपत्रांवरून म्हणणे अवघड असते, हे या आक्षेपाचे बळ होय.

राज्यातील अपिले संपल्यावर बंदी संघीय न्यायालयात बंदिप्रत्यक्षीकरणाचा, म्हणजे आपल्या कैदेच्या वैधतेला आव्हान देणारा, अर्ज करतो, तेव्हा निकष बदलतो. चुकीचा निर्णयावर ‘भरीव व हानिकारक’ परिणाम झाला असेल, तरच तेथे दाद मिळते (‘ब्रेख्ट’, १९९३). राज्यपालाच्या शिक्षा सौम्य करण्याच्या अधिकाराविषयी ज्यूरीला दिशाभूल करणारा निर्देश दिला गेला होता, त्या ‘कॅल्डेरॉन विरुद्ध कोलमन’ (१९९८) प्रकरणातही हाच निकष लावणे आवश्यक ठरले. परिणामी एकच सदोष निर्देश थेट अपिलात देहदंड रद्द होण्यास पुरेसा ठरू शकतो आणि बंदिप्रत्यक्षीकरणात अपुरा पडू शकतो.

भारतात १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम ५३७ चा रोख असाच होता : ज्यूरीला झालेल्या चुकीच्या मार्गदर्शनामुळे प्रत्यक्ष न्यायहानी झाली असेल, तरच निर्णय बदलता येई. मुंबईतील नानावटी खटल्यात ज्यूरीचा निर्दोषतेचा कौल टिकला नाही, त्यामागे अशा मार्गदर्शनातील गंभीर चुका हे एक कारण होते. १९७३ च्या संहितेत ज्यूरीपद्धती उरली नाही. न्यायहानीचा निकष मात्र कायम राहिला.