बालवाचनाची शिफारस : एक मागोवा

ग्रंथालयांचा इतिहास लिहिणारे बहुधा इमारतींची लांबीरुंदी, ग्रंथांची संख्या आणि देणगीदारांची नामावळी यांतच रमतात. अमुक पुस्तक अमुक वाचकाच्या हाती कोणाच्या सांगण्यावरून गेले, याची नोंद कोणत्याही दप्तरात सहसा सापडत नाही. प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयात तर हाच प्रश्न मुख्य होय. कारण आठ-नऊ वर्षांचे मूल ग्रंथसूची चाळून पुस्तक निवडीत नाही. त्याला कोणीतरी सांगावे लागते. हा 'कोणीतरी' गेल्या दोनशे वर्षांत कसकसा बदलत गेला, एवढेच येथे पाहावयाचे आहे. आमचे वास्तव्य बडोद्यात असल्यामुळे या शहरापाशी आम्ही अधिक रेंगाळलो, तर वाचकांनी ते समजून घ्यावे.

मराठीत मुलांसाठी छापलेल्या आरंभीच्या पुस्तकांत सदाशिव काशिनाथ छत्रे यांची इसापाच्या नीतिकथांची आणि 'बाळमित्र' ही पुस्तके येतात. दोन्ही १८२८ सालची. 'बाळमित्रा'चे मूळ फ्रेंच. ते इंग्रजीच्या वाटेने मराठीत आले. छत्रे मुंबईच्या ज्या शिक्षणमंडळीच्या सेवेत होते, तीच मंडळी शाळा चालवी, पुस्तके तयार करवी आणि ती शाळांकडे पाठवी. म्हणजे पुस्तक लिहविणारा, छापणारा आणि वाचावयास लावणारा एकच. अशा व्यवस्थेत शिफारस आणि आज्ञा यांत भेद उरत नाही. पुस्तकाच्या नावात 'मित्र' होता खरा. पण तो मित्र पंतोजींचे बोट धरूनच वर्गात येई.

पुढे मासिके निघाली आणि हा प्रकार काहीसा पालटला. विनायक कोंडदेव ओक यांचे 'बालबोध' १८८१ साली सुरू झाले, वासुदेव गोविंद आपटे यांचा 'आनंद' १९०६ साली. मासिक टपालाने घरी येते, शाळेच्या परवानगीची वाट पाहत नाही, आणि महिन्याच्या महिन्याला आल्यामुळे संपादक हा घरातल्या एखाद्या काकांसारखा ओळखीचा होतो. त्याने सांगितलेले मुले ऐकतात. तथापि वर्गणी भरणारे वडीलच असत. ज्या घरी वर्गणी भरली जात नसे, त्या घरच्या मुलाला हे काका कधी भेटलेच नाहीत.

नेमक्या याच मुलाचा विचार बडोदे संस्थानात झाला. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभिला आणि १९०६ साली तो सर्व संस्थानास लागू केला. सक्तीने शिकलेले मूल शाळा सुटताच अक्षरे विसरते, हा अनुभव येण्यास वेळ लागत नाही. आणि ग्रंथालयांच्या योजनेचे बीज याच अनुभवात होते. अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालये पाहून आलेल्या महाराजांनी १९१० साली विल्यम ॲलन्सन बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणविले. बोर्डन येथे १९१३ पर्यंत राहिले. त्या अवधीत मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसली, ग्रंथपालांच्या शिक्षणाचा वर्ग निघाला, आणि लाकडी पेट्यांत निवडक पुस्तके भरून ती गावोगाव फिरविण्याची पद्धत रूढ झाली. गावच्या वाचनालयास लोक, स्थानिक संस्था आणि सरकार यांनी समान वाटा द्यावयाचा, हा नियमही त्याच चळवळीचा. मोतीभाई अमीन यांच्यासारख्या शिक्षकाने मित्रमंडळांच्या द्वारे ही चळवळ खेड्यांतील ओसरीपर्यंत नेली. हा सर्व वृत्तान्त जनार्दन सखाराम कुडाळकर यांच्या १९१९ सालच्या आणि न्यूटन मोहन दत्त यांच्या १९२८ सालच्या इंग्रजी पुस्तकांत आलेला असल्यामुळे त्याचा विस्तार येथे करीत नाही.

आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या गोष्टी दोन. पहिली ही की, मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी निराळे दालन ठेवले होते आणि त्यात पुस्तकांच्या जोडीला खेळही मांडलेले असत. दुसरी ही की, फडताळे वाचकास मोकळी होती. आज या गोष्टी किरकोळ वाटतील. पण ज्या काळी पुस्तक म्हणजे कुलपात ठेवावयाची वस्तू अशी समजूत होती, त्या काळी मुलाने आपल्या हाताने पुस्तक काढावे, चाळावे आणि न आवडल्यास परत खोचून ठेवावे, यास मुभा देणे हे मोठे धाडस होते. बोर्डन ज्या कनेटिकट संस्थानातून आले, तेथेच हार्टफर्ड गावी कॅरोलिन ह्यूइन्स या ग्रंथपाल बाईंनी १८८२ साली मुलांनी वाचावयाच्या पुस्तकांची एक यादी प्रसिद्ध केली होती. ती यादी पालकांना आणि मुलांनाही उद्देशून होती, आणि तिला त्या देशात मानही मिळाला. परंतु यादी कितीही साक्षेपाने केलेली असली, तरी ती सर्वांसाठी असते, अमुक एका मुलासाठी नसते. मोकळ्या फडताळाच्या दालनात निराळेच काही घडते. तेथे एक मूल खेळ सोडून दुसऱ्याच्या हातातील चित्राकडे वाकून पाहते आणि ते पुस्तक केव्हा मोकळे होईल याची वाट पाहत बसते. बडोद्याच्या दालनात असे घडले असेलच, हे मानण्यास दप्तरी पुराव्याची आवश्यकता आम्हांस वाटत नाही. ज्याने मुलांचा एक वर्ग सांभाळला आहे त्यासही ती वाटणार नाही.

महाराजांनी पुस्तके ठेवावयास जागा दिली, तशी ती लिहविण्याचीही तजवीज केली. त्यांनी दिलेल्या दोन लक्ष रुपयांच्या निधीतून 'सयाजी साहित्यमाला' निघाली, आणि तिच्या जोडीची 'सयाजी बालज्ञानमाला' ही मराठी व गुजराती या दोन्ही भाषांत मुलांच्या हाती आली. एकाच शाळेच्या ओटीवर बसलेली दोन भाषांची मुले आपापल्या भाषेत एकाच मालेची पुस्तके वाचीत आहेत, हे दृश्य आज स्मरणीय वाटते.

१९४९ साली संस्थान विलीन झाले, १९६० साली गुजरात राज्य झाले. त्यानंतरच्या काळात शाळांना पुस्तके मिळालीच नाहीत असे म्हणता येणार नाही. १९८७ सालच्या 'खडू-फळा' मोहिमेने पुष्कळ प्राथमिक शाळांत प्रथमच पुस्तकांचा संच पोचविला. २००९ सालच्या शिक्षणहक्काच्या कायद्याने तर प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात गोष्टींची पुस्तकेही असावीत, असे परिशिष्टातच नमूद केले. पुस्तके आली, त्यांच्याबरोबर कपाट आले, कपाटाबरोबर कुलूप आले, आणि कुलपाबरोबर जडवस्तूंचे रजिस्टर. आम्ही तरुणपणी ज्या शाळेत सहायक शिक्षक होतो, तेथे वार्षिक मोजणीत तीन पुस्तके कमी भरली. त्यांची किंमत कपाट सांभाळणाऱ्या आमच्या सहकाऱ्याच्या पगारातून कापून घेण्यात आली. रक्कम अगदी क्षुल्लक होती; परंतु त्यानंतर ते कपाट वर्षातून एकदा, तपासणीच्या दिवशी, उघडले जाऊ लागले. त्या सहकाऱ्यास आम्ही दोष देत नाही. त्याच्या जागी आम्हीही तेच केले असते.

मुख्याध्यापक झाल्यावर आम्ही प्रथम एवढेच केले, की हरवलेले पुस्तक शिक्षकाच्या माथी मारावयाचे नाही असे ठरविले. दुसरी गोष्ट शनिवारच्या शेवटच्या तासाची. तिसरी-चौथीच्या मुलांसाठी एक जाड वही घातली. तिच्यात चार रकाने : पुस्तक कोणते, कोण सुचवितो, कोणास सुचवितो आणि का. आरंभी 'कोणास' हा रकाना नव्हता. तेव्हा वही लवकरच 'पुस्तक फार छान आहे, सर्वांनी वाचावे' या एका वाक्याने भरून गेली. हे वाक्य मुलांचे नव्हे, आमचेच. प्रार्थनेच्या वेळी आम्ही केलेल्या भाषणांतून ते त्यांनी उचललेले होते. 'कोणास' हा रकाना आखला मात्र, आणि भाषा पालटली. जोडाक्षरांपाशी अडखळणाऱ्या एका मुलास त्याच्या शेजाऱ्याने लिहिले, 'यात चित्रे पुष्कळ आहेत, तू संपवशील.' एका मुलीने 'श्यामची आई' मैत्रिणीस सुचविताना बजावले, 'रात्री वाचू नकोस, रडू येते.' भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे एकाकडून दुसऱ्याकडे इतका धावला, की त्याची बांधणी दोनदा करावी लागली. (याच भागवतांनी १९५१ साली 'बालमित्र' नावाचे मासिक काढले होते. छत्र्यांच्या मित्राचे बोट पंतोजींच्या हातून तेव्हा सुटले, असे आम्ही म्हणतो.) एका मुलाने चिं. वि. जोशी यांचे पुस्तक थेट आम्हांसच सुचविले. 'का' या रकान्यात लिहिले होते, 'सर हसत नाहीत.' चिंतामणरावांचे पुष्कळसे आयुष्य याच बडोद्यात गेले, हे त्यास ठाऊक नव्हते. आम्ही सांगितल्यावर त्याचा फारसा परिणामही झाला नाही.

वहीत सारेच चांगले होते असे नाही. काही मुले आपल्याच मित्राचे नाव पुनःपुन्हा घालीत. दोन मुलांचे नाव 'कोणास' या रकान्यात पहिले सहामाहीभर कोणीच घातले नाही. ते आम्हांस उशिरा कळले, आणि ती चूक आमची.

या वहीस आम्ही इतके महत्त्व का देतो, हेही सांगितले पाहिजे. आमच्या शाळेतील पट उतरत आहे. जी मुले येतात त्यांतील अनेकांचे आईवडील घरी मराठी बोलतात, पण ते स्वतः इंग्रजी किंवा गुजराती शाळेत शिकलेले असल्यामुळे मराठी पुस्तक उघडीत नाहीत. वर्गणी भरणारे वडील गेले, टपालाने येणारे काकाही गेले. बृहन्महाराष्ट्रातील इतर शहरांतही याहून निराळे चित्र असेल असे वाटत नाही. अशा स्थितीत या मुलास मराठी पुस्तक सुचविणारे दोघेच उरले, एक शिक्षक आणि दुसरा त्याच्या शेजारी बसलेला मुलगा. आणि दुसऱ्याचे म्हणणे अधिक ऐकले जाते, हे शिक्षकाने मान्य केलेले बरे.

गेल्या वर्षी जुन्या संग्रहातून 'बालज्ञानमाले'तील एक मराठी पुस्तक आमच्याकडे आले. पाने पिवळी, टाइप बारीक, एकही रंगीत चित्र नाही. ते फडताळात ठेवावे की काचेत, यावर शिक्षकांत वाद झाला. आम्ही ते फडताळात ठेवले. चार महिने त्यास कोणी हात लावला नाही. पाचव्या महिन्यात चौथीतील एका मुलीने ते वहीत घातले. 'कोणास' या रकान्यात तिने आपल्या पणजीचे नाव लिहिले होते, आणि 'का' या रकान्यात, 'तिला दिसत नाही, मी वाचून दाखवीन.' पणजीबाईंचे नाव शाळेच्या पटावर नाही, तेव्हा पुस्तक घरी द्यावे की नाही, असे ग्रंथालय सांभाळणाऱ्या बाईंनी विचारले. आम्ही द्यावयास सांगितले. ते अजून परत आलेले नाही.