ज्येष्ठतेची यादी

राज्यपुनर्रचनेचा इतिहास आपण बहुधा नकाशावरून वाचतो. विदर्भाचे आठ जिल्हे मध्य प्रदेशातून आणि मराठवाड्याचे पाच हैदराबादेतून निघून १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात आले, एवढे सांगितले की झाले. परंतु जिल्ह्यांबरोबर कारकुनांचीही वाटणी झाली होती. नागपूरची राजधानी भोपाळास गेली, उच्च न्यायालय जबलपुरास. नागपुरास उरले मुंबईच्या न्यायालयाचे खंडपीठ. एका मेजाशी बसणाऱ्या दोघांपैकी एकाला भोपाळचा हुकूम, दुसऱ्याला मुंबईचा.

माझे थोरले मामा या दुसऱ्यांपैकी. दमट हवा, भाड्याची खोली, लोकलची गर्दी यांना ते फारसे डगमगले नाहीत. त्यांना छळले ते ज्येष्ठतेच्या यादीने.

तिन्ही राज्यांच्या कचेऱ्या एक झाल्या खऱ्या, पण मुंबईकडचा मामलेदार तो आमच्याकडे तहसीलदार, तिकडचा तलाठी तो इकडे पटवारी, तिकडचा कलेक्टर तो आमचा डेप्युटी कमिशनर! नावे काय, बदलून घेता येतात. कोणते पद कोणत्या पदाच्या तोडीचे मानावयाचे, हा खरा पेच होता. मे १९५६ मध्ये मुंबईस भरलेल्या मुख्य सचिवांच्या परिषदेने त्यासाठी चार कसोट्या ठरविल्या: कामाचे स्वरूप, अधिकार व जबाबदारी, भरतीची किमान पात्रता आणि सर्वांत शेवटी पगार. पगार शेवटी ठेवला हे शहाणपणाचेच झाले. राज्याराज्यांची वेतनमाने जुळणारी नव्हतीच. केंद्राच्या पूर्वसंमतीवाचून नोकरवर्गाचे नुकसान होईल अशा रीतीने सेवेच्या शर्ती बदलू नयेत, असे कायद्याच्या ११५ व्या कलमात होते. पुढे सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ लावताना म्हटले, बढतीसाठी विचार होण्याचा हक्क ही सेवेची शर्त. बढतीची संधी मात्र शर्त नव्हे. कायद्याच्या दृष्टीने हा भेद बिनचूक असेल. पण कारकुनाची सारी हयात त्या संधीकडे डोळे लावून जाते, हे कोणत्या कलमात बसवावयाचे?

मामा आपल्या कचेरीत वरून चौथे होते. नव्या यादीत ते कितीतरी खाली गेले. त्यांनी अर्ज केले. ‘विचाराधीन’ अशी उत्तरे आली.

नोव्हेंबर १९६० मध्ये विधिमंडळाचे अधिवेशन नागपुरास भरले, तेव्हा फायलींच्या पेट्यांबरोबर मामाही आले आणि आपल्याच गावी पाहुण्यासारखे आमच्या घरी उतरले. आईने पाण्याचा तांब्या पुढे करीत विचारले, “दादा, यादी लागली का रे?”

“लागली,” मामा म्हणाले, “तात्पुरती.”