मालेगाव : मोठ्या कब्रस्तानच्या दारातला शुक्रवार

शब-ए-बरातच्या दिवशी आमच्या जयसिंगपुरात दुपारपासूनच कब्रस्तानाकडे माणसांची ये-जा सुरू होते. कुणी गवत उपटतो, कुणी वडिलांच्या कबरीवरची माती सारखी करतो. संध्याकाळी फुले, अगरबत्ती, फातिहा. दारात फकीर बसलेले असतात आणि पोरे उगीचच आत-बाहेर पळत असतात. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावी हेच चित्र दिसेल. म्हणूनच ८ सप्टेंबर २००६ रोजी मालेगावात जे घडले, ते आम्हाला दूरच्या गावची बातमी वाटले नाही.

तसा या दोन गावांचा संबंध काय? आमचे गाव शाहू महाराजांचे वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने वसवलेले, आखीव रस्त्यांचे, नंबरांच्या गल्ल्यांचे. मालेगाव मोसम नदीने दुभंगलेले. एका तीरावर बहुतांशी मुसलमान, दुसऱ्यावर बहुतांशी हिंदू. १८५७ नंतर उत्तरेतून परागंदा होऊन आलेल्या विणकरांनी तिथे हातमाग मांडले, त्यांचेच पुढे यंत्रमाग झाले. पण आमच्या शेजारच्या इचलकरंजीतला माग आणि मालेगावातला माग एकाच तालावर खडखडतो. सूत महागले की दोन्हीकडच्या चुली मंदावतात.

मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात. त्या शुक्रवारी तर शब-ए-बरात होती. मोठ्या कब्रस्तानाच्या आवारातच हमीदिया मशीद आहे. जुम्म्याची नमाज संपून माणसे बाहेर पडत होती तेव्हा पावणेदोनच्या सुमारास स्फोट झाले. तीन मशीद-कब्रस्तानाच्या आवारात, एक जवळच्या मुशावरत चौकात. बॉम्ब सायकलींना लावलेले होते. सायकल म्हणजे मागावरच्या मजुराचे वाहन. तिच्याकडे कोण संशयाने बघणार? तपासाच्या कागदांत ३१ मृत आणि ३१२ जखमी अशी नोंद आहे, वृत्तपत्रांनी मृतांचा आकडा याहून मोठा दिला. मेलेल्यांत लहान मुले होती, भिकारी होते. ज्यांच्यासाठी लोक त्या दिवशी खिशात नाणी घेऊन येतात, तेच आधी गेले.

लोकांचा संताप पोलिसांवर निघाला, दगडफेक झाली, संचारबंदी लागली. पण हिंदू-मुसलमान दंगल झाली नाही. २००१ च्या ऑक्टोबरात याच शहराने दंगल आणि पोलिसांचा गोळीबार पाहिला होता, हे लक्षात घेतले तर ही गोष्ट किती मोठी ते कळेल. स्फोट घडवणाऱ्यांचा हेतू काहीही असो, मालेगावकरांनी त्यांना ती भेट दिली नाही.

पुढचा इतिहास मात्र न्यायालयांच्या जिन्यांवर घडला. राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने नऊ मुसलमान तरुणांना अटक केली आणि डिसेंबर २००६ मध्ये मकोकाखाली आरोपपत्र दाखल केले. कब्रस्तानात आपल्याच लोकांना मारून दंगल पेटवायची, असा त्यांचा कट असल्याचे सांगण्यात आले. येथे आम्हाला एक कबुली द्यावी लागेल. त्या दिवसांत चहाच्या टपरीवर हिंदू मित्रांनी विचारले, "काय हो, तुमचेच निघाले की!" तेव्हा आम्ही मान खाली घातली. आरोपपत्र वाचले नव्हते, आरोपी कोण हे ठाऊक नव्हते. तरी मनात म्हटले, असतीलही. वर्तमानपत्रातल्या मथळ्यावर आम्ही मित्रांइतकाच विश्वास ठेवला.

२९ सप्टेंबर २००८ रोजी, रमजान संपत आला असताना, रात्री भिक्कू चौकात आणखी एक स्फोट झाला. सहा जण गेले. या वेळी हेमंत करकरे यांच्या नेतृत्वाखालच्या पथकाने एका मोटारसायकलचा माग काढत वेगळ्याच दिशेला अटका केल्या. दोन महिन्यांच्या आतच, २६ नोव्हेंबरच्या रात्री, करकरे मुंबईत शहीद झाले. २०१० च्या अखेरीस स्वामी असीमानंद यांच्या जबाबामुळे २००६ च्या स्फोटांकडेही नव्याने पाहिले जाऊ लागले. तो जबाब त्यांनी पुढे मागे घेतला आणि इतर खटल्यांतून ते सुटलेही. पण तोवर राष्ट्रीय तपास यंत्रणेने २००६ चे प्रकरण हाती घेतले होते. नोव्हेंबर २०११ मध्ये नऊ जणांना जामीन मिळाला. २०१३ मध्ये यंत्रणेने दुसऱ्याच चौघांवर आरोपपत्र ठेवले, आणि २५ एप्रिल २०१६ रोजी विशेष न्यायालयाने आधीच्या आरोपींना आरोपमुक्त केले. न्यायाधीशांचे तर्कट साधे होते, कुठल्याही आजीने मांडले असते असे : दंगलच घडवायची असती तर नुकत्याच झालेल्या गणेश विसर्जनाची गर्दी सोडून स्वतःच्याच सणाला स्वतःचीच माणसे कोण मारेल?

नऊपैकी दोघे जामिनानंतरही तुरुंगातच राहिले, कारण ११ जुलै २००६ च्या मुंबईच्या लोकल स्फोटांतही त्यांची नावे होती. त्यांपैकी एकाला २०१५ मध्ये फाशीची शिक्षा झाली, दुसऱ्याला जन्मठेप. २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने त्या खटल्यातील बाराही जणांना निर्दोष ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देण्यास स्थगिती दिली, सुटलेल्यांना परत बोलावले नाही. दहा दिवसांनी, ३१ जुलैला, २००८ च्या स्फोटातले सातही आरोपी निर्दोष सुटले. स्फोट झाला हे सिद्ध झाले, पण बॉम्ब त्या मोटारसायकलीतच होता हे सिद्ध झाले नाही, आणि संशय कितीही गडद असला तरी तो पुरावा नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. मृतांच्या कुटुंबांना दोन लाख आणि जखमींना पन्नास हजार रुपये द्यावेत, असाही आदेश झाला.

२०१६ च्या मागचा न्याय आम्ही गोड मानला होता. मग २०२५ चा कडू का लागावा? पुराव्यावाचून शिक्षा नको, ही मागणी आपलीच होती. आमच्या बैठकीत यावर रात्र सरली आणि एकमत झाले नाही. एका वृद्ध गृहस्थांनी मात्र वेगळेच विचारले : त्या नऊपैकी सर्वांनी तरी आरोपमुक्तीचा कागद पाहिला का? नाही पाहिला. एक जण २०१५ मध्येच वारला होता. स्फोट झाला त्या दिवशी तो आधीपासूनच पोलिसांच्या कोठडीत होता.