व्हेरिएबल रिफ्रेश रेट
व्हिडिओ गेमची फ्रेम तयार होताच पडद्यावरील चित्र बदलणारे तंत्र. ६० हर्ट्‌झचा नेहमीचा पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनी चित्र बदलतो. ग्राफिक्स कार्डाला मात्र प्रत्येक फ्रेमसाठी कमी-अधिक वेळ लागतो. या दोहोंचा मेळ चुकला की चित्र आडवे फाटलेले दिसते. फ्रेम पडद्याच्या फेरीशी जुळवूनच दाखवणाऱ्या व्ही-सिंकने फाटणे थांबते. पण उशिरा आलेली फ्रेम पुढच्या फेरीपर्यंत अडकते आणि हालचाल अडखळते. व्हेरिएबल रिफ्रेश रेटमध्ये उलट पडदाच फ्रेमसाठी थांबतो. ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाने २०१३ मध्ये या तंत्राची जी-सिंक ही आवृत्ती जाहीर केली. २०१४ मध्ये व्हेसा या मानक संस्थेने ॲडॅप्टिव्ह-सिंक या नावाने ते डिस्प्लेपोर्ट मानकात आणले. एचडीएमआय २.१ मानकात (२०१७) ही सोय आल्यावर ती टीव्ही संचांतही मिळू लागली. पडद्याच्या ठरावीक हर्ट्‌झ-मर्यादेतच तंत्राचा लाभ होतो. गेम स्वतःच मध्ये थबकत असल्यास तो धक्का याने जात नाही.