आजोबांचा डावा डोळा

आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. नवीन आलेल्या पोराला पहिले काही महिने प्रॉडक्शन सर्व्हरला हात लावू द्यायचा नाही. टेस्ट सर्व्हरवर काय घालायचा तो गोंधळ घाल म्हणावं! हे अंगात इतकं मुरलंय की डॉक्टर लोक कुठल्या टेस्ट सर्व्हरवर शिकत असतील, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

तो पडला आजोबांमुळे. त्यांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन एका शिकाऊ डॉक्टरने केलं आणि त्यात भिंगामागचा पडदा फाटला. पुढे त्या डोळ्याने त्यांना धड वाचता आलं नाही. घरात सगळे भडकलेले. आजोबा (निवृत्त मास्तर!) मात्र म्हणाले, "अरे, त्या पोराला कुणाच्या तरी डोळ्यावर शिकावं लागणारच ना." मास्तरांपुढे काय बोलणार? पण ते 'कुणाच्या तरी' माझ्या मनातून गेलं नाही.

तर थोडा फ्लॅशबॅक. सुईने गढूळ भिंग बाजूला सारायचं, ही पद्धत आपल्याकडे सुश्रुतापासूनची. १७४७ साली फ्रान्समध्ये जाक दाव्हिएलने भिंग बाहेरच काढलं. १९४९ साली लंडनमध्ये हॅरल्ड रिडलीने कृत्रिम भिंग बसवलं. १९६७ साली अमेरिकेत चार्ल्स केलमनने अल्ट्रासाउंडने भिंग फोडून शोषून घ्यायची युक्ती काढली. तंत्र असं कुठल्या कुठे गेलं. शिकायची पद्धत मात्र तीच राहिली: गुरूच्या शेजारी उभं राहून बघायचं, शेळीच्या नाहीतर डुकराच्या डोळ्यावर हात साफ करायचा आणि एक दिवस खऱ्या माणसाच्या डोळ्यात शिरायचं. आता गंमत बघा, भिंगामागचा हा पडदा मध्यभागी जेमतेम ४ मायक्रॉन जाडीचा. केस याच्या पंधरापट तरी जाड असतो!

विमानवाल्यांना हे कोडं आधीच सुटलं होतं. एडविन लिंक हा ऑर्गन बनवणाऱ्याचा मुलगा. त्याने १९२९ साली ऑर्गनचेच भाते वापरून जमिनीवर डुलणारं खोटं विमान बनवलं. लोकांनी ते जत्रेतलं खेळणं समजून सोडून दिलं. १९३४ साली अमेरिकी सैन्याकडे टपाल वाहण्याचं काम आलं, खराब हवेत वैमानिक पटापट मेले, आणि मग त्याच सैन्याने लिंककडून ६ यंत्रं विकत घेतली. माणसं मेल्यावरच बजेट मंजूर होतं, हेही काही नवीन नाही.

डोळ्याला संगणक भेटला तो बराच उशिरा. १९९४ साली सिग्राफ परिषदेत मार्क सागर आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेच्या सरावासाठी डोळ्याचं आभासी मॉडेल मांडलं. (हाच सागर पुढे सिनेमातल्या डिजिटल चेहऱ्यांच्या कामासाठी ऑस्करची तांत्रिक पारितोषिकं घेऊन गेला.) मग जर्मनीत मानहाइम विद्यापीठातून निघालेल्या व्हीआरमॅजिक कंपनीचा 'आयसी' आला. त्यात प्लॅस्टिकचं डोकं, त्यात खोटा डोळा आणि पायाखाली पेडल असतात. हत्याराची हालचाल कॅमेरे टिपतात आणि मायक्रोस्कोपमध्ये संगणकाने रंगवलेला डोळा दिसतो. पडदा फाटला तर मार्क जातात. बस्स, रीसेट मारा आणि परत सुरू!

पण व्हिडिओ गेममध्ये पटाईत असलेला माणूस खऱ्या डोळ्यात पटाईत असतो का? माझी खरी शंका ही होती. डेन्मार्कमध्ये १८ सर्जनांच्या खऱ्या शस्त्रक्रियांचे व्हिडिओ परीक्षकांना दाखवले, कुठला सरावाआधीचा आणि कुठला नंतरचा ते न सांगता. २०१७ साली निकाल छापून आला: नवख्यांचे गुण ३२ टक्क्यांनी वाढले होते. २०२० साली ब्रिटनचे आकडे आले. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या शिकाऊ सर्जनांच्या हातून हा मागचा पडदा फाटण्याचं प्रमाण २००९ ते २०१५ या काळात ४.२ टक्क्यांवरून २.६ वर आलं होतं. त्या काळात आणखीही काही बदललं असेल, सगळं श्रेय एका यंत्राला देता येणार नाही. तरी शंभरातले एक-दीड डोळे म्हणजे एक-दीड आजोबा, हा हिशोब मला पुरतो.

आणि वर्तुळ कसं पूर्ण होतं बघा. वैमानिकांना सिम्युलेटरवर शिकवणारी फ्लाइटसेफ्टी कंपनी काढणाऱ्या अल युल्ची यांनी म्हातारपणी, २०१० साली, मुलासोबत 'हेल्पमीसी' ही संस्था काढली. मोतीबिंदूच्या स्वस्त, टाक्याविना होणाऱ्या शस्त्रक्रियेचा सिम्युलेटर बनवणं हा तिचा उद्योग. त्यात हाताला पेशींचा विरोधही जाणवतो. आपल्याकडच्या कॅम्पांमध्ये बहुतेक हीच शस्त्रक्रिया होते, म्हणून ही गोष्ट आपलीही.

आजोबा आता नाहीत. मागच्या महिन्यात आईचं ऑपरेशन होतं. डॉक्टर माझ्याच वयाच्या. न राहवून विचारलं, "मॅडम, तुम्ही शिकलात कशावर?" त्या हसल्या. "आधी मशीनवर, मग शेळीच्या डोळ्यावर, मग सरांच्या देखरेखीखाली."

म्हणजे शेवटी कुणाचा तरी पहिला डोळा असतोच. आजोबांचंही बरोबर होतं. फक्त त्या पहिल्या डोळ्याआधी शंभर खोटे डोळे फुटून गेलेले असावेत, एवढंच माझं म्हणणं.

आई परवापासून चष्म्याशिवाय बसच्या पाट्या वाचून दाखवतेय. मोठ्याने.